गुळातल्या काळ्या फुल्या

फोटो. पूर्ण काळा.

चुकून निघालेला नाही. कुठलंही काम हातात घेतलं की मी आधी हाच फोटो काढते. स्वच्छ काचपट्टी, तिच्यावर तेलाचा थेंब, वर पातळ काच. मध्ये काहीही नाही. मायक्रोस्कोपमध्ये खाली एक पोलरायझर, उजेड एकाच दिशेत गाळणारी चकती, असतो, वर दुसरा, दोन्ही एकमेकांशी काटकोनात. खालच्याने सोडलेला उजेड वरचा अडवतो. म्हणून काळं. या काळ्यात एखादा ठिपका जरी चमकला तरी काच पुन्हा पुसायची.

ज्याची आतली रचना रांगेने बसलेली असते ते या अंधारात उजळतं. वाळूचा कण उजळतो. साखर उजळते. सुताचा धागा उजळतो. तेल, पाणी, काच काळीच राहतात. एवढ्यावर माझं पोट चालतं. फौंड्रीवाले मोल्डिंगची वाळू आणून देतात, मी ती बघते, फोटो काढते, वाळूत काय आहे ते लिहून देते. लिहिलेलं अजून कुणाला खोडावं लागलेलं नाही.

अडचण एकच. लॅब उद्यमनगरात आहे आणि भिंतीपलीकडे यशराजचं लेथ मशीन आहे. अंधारातल्या फोटोला शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात लेथ फिरला तर दगडाचा कणसुद्धा नाचताना येतो.

“यशराज, बंद कर की जरा.”

“ताई, आत्ताच जॉब लावलाय.”

“दोन मिनिटं.”

“कालची दोन मिनिटं अजून चाललीत तुमची.”

बंद करतो पण. तेवढ्यात चहा सांगायला होतो त्याला.



फोटो नाही. माणसं आली.

विजयसिंह शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता. आता राधानगरी रोडला त्याचं गुऱ्हाळ आहे. दुपारी तो कापडी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या मागे पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, इतका उंच की आत यायला त्याला मान वाकवावी लागली.

“अनुजाताई, काम होतं. वाळूचं न्हाय.”

“मी वाळूच बघते.”

“हे बी वाळूगतच हाय. गोड हाय, एवढंच.”

पिशवीत गुळाच्या विटा होत्या. एकेक किलोच्या, बटर पेपरात गुंडाळलेल्या, वर छापील लेबल. पुण्याची एक कंपनी हा गूळ बाहेरच्या देशात पाठवणार होती. पहिला माल गेला, कंपनीने त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि थेंब निळा-काळा झाला. म्हणजे पीठ. कंपनीचा निरोप आला की रस उकळायच्या काईलीत कुणीतरी पीठ मिसळतंय, काईलीवरचा माणूस बदला, नाहीतर माल पाठवू नका.

“आणि हे भरमाप्पा,” विजयसिंह म्हणाला. “आमचे गुळवे. म्हणजे, होते. उद्या दुपारच्या काईलीपास्नं कागलचा माणूस येतोय.”

“होते म्हणायला मी मेलोय काय?” म्हातारा म्हणाला.

गुळव्या म्हणजे काईलीपाशी उभा राहणारा. उसाचा रस उकळत असतो, आणि तो कधी उतरवायचा हे हाच सांगतो. एका गुऱ्हाळाने पीठ घातलं म्हणून काढलेला गुळव्या दुसरं गुऱ्हाळ घेत नाही. हे विजयसिंहालाही माहीत होतं, म्हणून तो काचेच्या बरण्यांकडे बघत बोलत होता.

“मी यांना सांगितलं,” भरमाप्पा म्हणाले, “काढायचं तर काढा. पण तपासायचं ते माझ्या डोळ्यासमोर तपासा. ऐका अक्का, माझ्या काईलीत काय पडतं ते सांगतो. चुना पडतो. रानभेंडीचा रस पडतो, मळी वर यायला. फेस चढला तर एरंडाचं तेल. पीठ टाकायला मी काय भाकऱ्या थापतोय काय तिथं?”

“सगळे असंच म्हणत्यात,” विजयसिंह पुटपुटला.

“सगळे म्हणजे किती गुळवे ठेवलेस रे तू आजपातुर?”

विजयसिंह माझ्याकडे वळला. मला म्हणाला, “माझ्याकडं मालाला हात बी लागत न्हाय, ताई. हातमोजे, डोक्याला टोप्या, सगळं कंपनी सांगंल तसं. मग उरतं काय? काईलच उरती.”

मी पिशवी हातात घेतली. पिठाचा कण ओळखायला मला एक थेंब पुरतो.



फोटो. विटेची वरची बाजू खरवडून, तेलात.

पाणी घातलं असतं तर साखर विरघळली असती, म्हणून तेल. साखरेचे कण पिवळे, गुलाबी, हिरवे पेटलेले. त्यात काही नवल नाही, उसात साखर असतेच. फिरती तबकडी हळूहळू फिरवली की साखरेचा कण उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो.

साखरेच्या मधल्या जागांत बारीक दाणे. करडे-पांढरे, गोलसर. प्रत्येकावर एक काळी फुली, जशी चुकलेल्या उत्तरावर मास्तर मारतात तशी, फक्त नीट, पट्टीने काढल्यासारखी.

तबकडी फिरवली. दाणा फिरला. फुली जागची हलली नाही.

याला दुसरं काही म्हणत नाहीत.

“स्टार्च आहे,” मी म्हणाले.



फोटो नाही. यशराजचा लेथ चालू झाला.

“झालं तर मग,” विजयसिंह उठला. त्याला आनंद झाला नव्हता, सुटल्यासारखं झालं होतं. “चला मामा.”

“बस खाली,” मी म्हणाले. “काय आहे ते सांगितलं. कुठून आलं ते सांगितलेलं नाही.”

“काईलीत दुसरं कोण जातंय?”

“बस म्हटलं ना.”

खुर्ची मायक्रोस्कोपपुढे ओढून भरमाप्पा बसले आणि बघू का म्हणून न विचारता डोळा लावला. आधी चुकीचा डोळा मिटला, मग दुसरा. बराच वेळ गेला.

“हे फुलीवालं, हे पीठ?”

“हो.”

“असलं मी कधी बघितलेलं न्हाय.”

“डोळ्यांनी दिसत नाही ते.”

“तसं न्हाय अक्का.” त्यांनी मान वर केली. “माझं म्हणणं, रस उकळायला लागला की त्यात मूग टाकला तर मूग फुटंल. आणि हे सगळे कसे टापटीप बसल्यात.”

विजयसिंह हसला. “मामा आता मायक्रोस्कोप शिकवाय लागले.”

मी हसले नाही. मी तेच करायला निघाले होते, आणि म्हाताऱ्याने ते माझ्याआधी बोलून टाकलं म्हणून थोडी चिडलेही होते.

“यशराज!”

“बंद करतो, बंद करतो.”

“बंद नको. समोरच्या बेकरीतनं मूठभर मैदा आण.”



फोटो. मैदा, कच्चा, पाण्यात.
मोठे दाणे, बारके दाणे, दोन वेगळ्या घरांतले असावेत तसे. मधल्या मापाचे जवळजवळ नाहीतच. फुल्या आहेत, पण फिकट.

फोटो. तोच मैदा, गुळाच्या पाण्यात उकळून.
काळं. नीट बघितलं तर फुगलेली, फाटलेली टरफलं. एकाही दाण्यावर फुली नाही. आतली रांग मोडली की उजेडाला अडकायला काही उरत नाही.



“म्हणजे हे बघ,” मी विजयसिंहाला सांगितलं. “रसात पीठ घातलं असतं तर उकळून त्याच्या फुल्या गेल्या असत्या. तुझ्या गुळात फुल्या शाबूत आहेत. उकळीत घातलेलं नाही.”

भरमाप्पांनी मिशीवरून हात फिरवला. पण विजयसिंह मूर्ख नाही. शाळेतही नव्हता, फक्त आळशी होता.

“उतरवताना टाकलं असलं तर? पाक घट्ट झाल्यावर? तवा पाणी कुठं असतंय त्यात, फुगायला?”

“हे बरोबर विचारलंस.”

“मग?”

मी सुरी काढली आणि नवीन वीट मधोमध कापली. विजयसिंहाने लेबलाकडे बघून तोंड वाकडं केलं. पाक घट्ट झाल्यावर पीठ घोटलं असेल तर ते सगळीकडे जायला हवं. वरही, आतही.



फोटो. विटेचा गाभा. साखर धुऊन टाकण्यासाठी पाणी.
रंग एकेक करून विझत गेले. मागे काळं उरलं. पूर्ण काळं, पहिल्या फोटोसारखं. उसाचा एक धागा तेवढा कोपऱ्यात चमकतोय.

फोटो. त्याच विटेची वरची बाजू. पाणी.
रंग विझले. फुल्या उरल्या. मोजायला बसले नाही, भरपूर होत्या.

फोटो. तेच, मोठ्या भिंगातून.
दाणे सगळे साधारण एका मापाचे. कडा किंचित कोन पडलेल्या. मैदा नव्हे. मका.



“मका?” विजयसिंह म्हणाला. “गुऱ्हाळात मका कुठला? वैरणीचा?”

“वैरणीत दाण्याचं पीठ असं सुटं नसतं. हे स्वच्छ केलेलं आहे. आणि फक्त वर लागलेलं आहे, आत नाही. गूळ थंड झाल्यानंतर लागलंय.”

“म्हणजे कुणीतरी मुद्दाम...”

“मुद्दामचं मला काचेखाली दिसत नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन ये. मी येते.”

“मायक्रोस्कोप?”

“तोही. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. तू मागे बस, गाडी भरमाप्पा चालवतील.”

“मला गाडी येत न्हाय,” भरमाप्पा गंभीरपणे म्हणाले.

“मग विजयसिंह चालवेल आणि तुम्ही मागे. पण पट्टा मायक्रोस्कोपला.”



फोटो नाही. धूर.

गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा सकाळची काईल चढलेली होती. घाणा चालू होता, जमीन थरथरत होती. भरमाप्पा गाडीतून उतरले ते थेट काईलीकडे गेले. रस दुसऱ्याने चढवलेला त्यांना चालला नसावा, कारण पहिलं वाक्य शिवीचं होतं आणि दुसरं जळणाबद्दल.

पॅकिंगची शेड बाजूला, पत्र्याची, आतून नव्याने पांढरी रंगवलेली. तिथे तानाबाई आणि तिच्या हाताखालच्या चार बायका. साच्यातून विटा काढायच्या, टेबलावर लावायच्या, कागदात गुंडाळायच्या. डोक्याला टोप्या, हातात पांढरे हातमोजे.

“पावणं कुठलं?” तानाबाईने मला न विचारता विजयसिंहाला विचारलं.

“कोल्हापूरचं. तपासणीला आलंय.”

“मग च्या सांगू का आधी तपासणार?”

शेडच्या दारात बाजेवर एक तिशीचा माणूस बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. कागलचा प्रभुलिंग. नवा गुळव्या. भरमाप्पा काईलीवरून पाणी प्यायला आले तेव्हा तो उठून उभा राहिला.

“मामा, मला फोनवर सांगितलं तुम्ही आजारी हाय म्हणून.”

“व्हय. बघ की कसा खोकतोय.” भरमाप्पा अजिबात खोकले नाहीत. “दुपारच्या काईलीला तूच उभा राहणार म्हणं.”

“तसं ठरलंय. पण तुम्ही...”

“मी काय? बस. च्या पी. ह्या अक्का ठरवणार.”

मी ठरवणार नव्हते. पण तेव्हा ते दुरुस्त करत बसले नाही.



चिकटपट्टीचा तुकडा वस्तूवर दाबायचा, उचलायचा, काचेवर लावायचा. पट्टी अशी निवडायची की ती स्वतः उजळत नाही. तशी माझ्याकडे आहे. मायक्रोस्कोपचं टेबल शेडच्या कोपऱ्यात, वायर विजयसिंहाच्या ऑफिसातून ओढलेली.

साचा. काळं.

बटर पेपर. कागदाचे धागे चमकतात. दाणे नाहीत.

दारातली रांगोळी. झगझगीत. पण दगडाची पूड, फुल्या नाहीत.

विटा लावायचं टेबल. काळं. साखरेचे दोन कण.

तानाबाईची टोपी. धागे.

तानाबाईचा पदर. धागे, धागे. (“ताई, पदराचा काय संबंध?” “सगळ्याचाच संबंध आहे.” “घ्या मग. पण लुगड्याचा फोटू फेसबुकवर नको.”)

हातमोजा, बोटांची टोकं. काळं. गूळ चिकटलेला.

आत्ताच साच्यातून काढलेली वीट. काळं.

गुंडाळून पेटीत भरलेली वीट. काळं.

एवढं सगळं काळं बघून दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मी घाबरले नाही. कालच्या विटेवर फुल्या होत्या, आजच्या विटेवर नाहीत. म्हणजे जे व्हायचं आहे ते अजून झालेलं नाही. मी खुर्चीवर टेकले आणि थांबले.

विजयसिंह घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होता. “दुपारची काईल चढायच्या आत सांगा, ताई. प्रभुलिंगला उभा करायचा का न्हाय ते.”

“जेवण कधी असतं?”

“कुणाचं?”

“यांचं.”

“आत्ता. का?”

“मलाही लागली आहे भूक.”



फोटो नाही. भाकरी, झुणका, ताजी काकवी वाटीत.

जेवताना तानाबाईने भरमाप्पांना काईलीवर दोन भाकऱ्या पाठवल्या. “त्यांनी न्हाय टाकलं पीठ,” ती मला म्हणाली, “पण दादाला कोण सांगणार. कंपनी बोलली की दादाचे कान बंद होत्यात.” विजयसिंह चार हातांवर बसून जेवत होता. त्याने ऐकलं. काकवीत बोट बुडवून राहिला.



विटांचं टेबल, जेवणानंतर.

फुल्या.

मी अ‍ॅनलायझर, म्हणजे वरचा पोलरायझर, बाहेर काढला, पुन्हा आत सरकवला. तबकडी फिरवली. दाणे फिरले, फुल्या उभ्याच्या उभ्या. सकाळी याच टेबलावर, याच कोपऱ्यातून घेतलेली पट्टी काळी होती. मध्ये फक्त जेवण झालं होतं.

मी डोळा काढला आणि बायकांच्या हातांकडे बघितलं.

सकाळी हातमोज्यांच्या मनगटाची गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला होती. आता ती आतल्या बाजूला होती.

“तानाबाई, हे मोजे उलटे आहेत का?”

“व्हय की.”

“का?”

तिने माझ्याकडे, तपासणीला आलेल्या माणसाला इतकंही कळत नाही म्हणून, दयेने बघितलं. “सकाळी घातले की जेवणापातुर गूळ लागून चिकट होत्यात. कागद बोटालाच गुंडाळतोय. मग जेवून हात धुवायचे आणि उलटे करून घालायचे. आतली बाजू कोरी असती. मऊ बी असती.”

“सगळ्या?”

“सगळ्या. मीच शिकवलंय.” तिला त्याचा अभिमान होता. “दिवसाला एक जोड मिळतोय. दादांनी सांगितलंय, एक्सपोर्टचा माल हाय, जपून वापरा. मग काय चाटून साफ करायचे?”

विजयसिंह पुढे आला. “म्हणजे काय झालं?”

मी कपाटातला कोरा हातमोजा मागितला, तो तळहातावर उलटा केला आणि विजयसिंहाच्या काळ्या पँटवर झटकला. पांढरा पट्टा उमटला.



फोटो. हा हवा होता.

नुसता काळ्यावर करडा दाणा दाखवला तर पुण्यातल्या ऑफिसात कुणी बघणार नाही. रंगीत फोटोला मान असतो. मी मायक्रोस्कोपची लाल पट्टी, अंधाराला रंग देणारी काच, आत सरकवली. मागचं काळं गुलाबी-जांभळं झालं, आणि प्रत्येक दाण्याचे फुलीने केलेले चार भाग एकाआड एक पिवळे आणि निळे. असे तीन: कोरा हातमोजा आतून, टेबल जेवणानंतर, कालची वीट वरून. तिन्ही फोटो एकाच मापाचे, शेजारी शेजारी लावायचे.

पण घाणा चालू होता. पहिला फोटो हलला. दुसराही.

“हा घाणा थांबवा,” मी म्हणाले.

“आत्ता?” विजयसिंह म्हणाला. “ऊस पडलाय घाण्यावर.”

“दोन मिनिटं.”

त्याने घाण्याकडे बघितलं आणि आवाज द्यायच्या ऐवजी काईलीकडे बघितलं. भरमाप्पा तिथे उभे होते. गुऱ्हाळात घाणा कुणाच्या शब्दावर थांबतो हे मला तेव्हा कळलं.

“मामा,” विजयसिंह म्हणाला, हळू. मग मोठ्याने, “मामा, घाणा थांबवायला सांगा.”

भरमाप्पांनी हात वर केला. घाणा थांबला. जमीन थांबली. शेडमधल्या पत्र्याची कुरकूर थांबली. मी तीन फोटो काढले, एकही हलला नाही.



फोटो नाही. बोलणं, दारात.

“हातमोज्याच्या आत मक्याच्या स्टार्चची भुकटी असते, हात सहज जावा म्हणून,” मी सांगितलं. “जेवणानंतर ती बाहेर येते आणि विटेवर बसते. काईलीचा काही संबंध नाही. भुकटी नसलेले मोजे मिळतात. ते आण, आणि दिवसाला दोन जोड दे.”

विजयसिंह बराच वेळ पँटवरचा पांढरा पट्टा झाडत होता.

“ताई, एक विचारू? रागावणार न्हाय?”

“विचार.”

“कंपनीला मी सांगितलं, माणूस बदलला, तर विषय आज मिटतोय. प्रभुलिंग आलेलाच हाय. मोजे बी मी गपचूप बदलतो. आणि हे सांगितलं, की मोजे मीच आणलेले, माझीच माणसं उलटे घालत्यात, तर ते म्हणणार, ह्याच्या शेडमध्येच गोंधळ हाय.”

तो खोटं बोलत नव्हता. तसंच झालं असतं. प्रभुलिंग बाजेवरून उठला होता. पिशवी त्याने खांद्याला अडकवली होती, आत जायला की परत जायला ते सांगता आलं नसतं. भरमाप्पा काईलीपाशीच होते. एवढ्या अंतरावरून त्यांना ऐकू येत नसावं. येत असावं.

“कंपनीकडे तुझा पहिला माल आहे,” मी म्हणाले. “त्यांच्याकडे आयोडीन आहे. माझ्यासारखं कुणीतरी त्यांना भेटणारच, आज नाहीतर उद्या. ते गाभा कापतील, गाभ्यात पीठ निघणार नाही. मग ते विचारतील, काईलीत काहीच नव्हतं तर काईलीवरचा माणूस का काढलास? तेव्हा काय सांगशील?”

“त्यांना कुठं एवढा वेळ हाय...”

“आणि माझा रिपोर्ट मी लिहिणार आहे. गाभ्याचा फोटो पहिल्या पानावर. तू पाठव, नको पाठवू. पण त्यात जे आहे तेच असेल.”

विजयसिंहाने श्वास सोडला. मोबाईल काढला.

“स्पीकरवर,” काईलीकडून आवाज आला.

ऐकू येत होतं तर.

“मामा, ते...”

“पीठ टाकलं हे सगळ्या गावाने ऐकलंय. मोजे बी ऐकू दे की.”

तानाबाई दारात येऊन उभी राहिली. बाकीच्या बायका तिच्या मागे, उलट्या हातमोज्यांनी.

“हॅलो, सर. विजयसिंह बोलतोय. ते स्टार्चचं सापडलं. ... न्हाय, माणसाचं काय न्हाय त्यात. हातमोजे. हातमोज्यातली पावडर. ... व्हय, मीच आणलेले. तुमच्या यादीत हातमोजे लिहिलेलं, कुठले ते लिहिलं नव्हतं, मी मिळाले ते आणले. ... न्हाय, माणूस बदलत न्हाय. गुळवे आमचे तेच हाईत. ... भरमाप्पा. ... फोटू हाईत, रंगीत. गुळाच्या पोटातला बी हाय. आत्ता पाठवतो.”

पलीकडच्या माणसाने काहीतरी विचारलं.

“एका मॅडमनी काढल्यात. वाळूवाल्या.”

फोन बंद झाला. “म्हणाले, फोटो बघतो, आणि नवीन माल पाठवा, परत तपासतो.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, पण सांगितलं काईलीच्या दिशेने.

भरमाप्पांनी मान हलवली. मग प्रभुलिंगला हाक मारली.

“ये हिकडं. आलाच हाईस तर मळी काढ. दुपारच्याला मी उभा राहतो, तू बघ. मी कुठं जन्माचा पुरणार हाय.”

“आजारी हाय न्हवं तुम्ही,” प्रभुलिंग म्हणाला आणि पिशवी बाजेवर ठेवून गेला.

तानाबाईने हातमोजे काढले, एकेक बोट ओढून, आणि विजयसिंहाच्या हातात दिले. “धरा तुमचं एक्सपोर्ट. आता दोन जोड मिळत्यात म्हणं.”



फोटो. हललेला.

घाणा अजून थांबलेलाच होता, तेवढ्यात रिपोर्टला एक शेवटचा फोटो घ्यायचा होता: हातमोज्याची पट्टी पुन्हा, मोजपट्टीसकट, छापायला बरा पडेल असा. मी फोकस केला. फुल्या बसल्या, पिवळं-निळं नीट आलं. शटरवर बोट ठेवलं.

“अक्का, झालं का तुमचं?”

“एकच राहिलाय.”

“रस थांबत न्हाय बघा.” आणि भरमाप्पांनी माझ्या उत्तराची वाट न बघता हात खाली केला. “लावा रे घाणा.”

घाणा धडधडला. टेबल हललं. फोटोत सगळे दाणे तिरके ओढले गेलेत, प्रत्येकाला शेपूट, पिवळ्यात निळं मिसळलेलं. फुली एकाचीही ओळखू येत नाही.

रिपोर्टला गाभ्याच्या फोटोमागे आधीचे तीन जोडले. हा मी पुसला नाही. भरमाप्पांनी घाणा लावायला सांगितला तेव्हाचा आहे.